रोरी गॅलाघरचे स्टुडिओ अल्बम भंगारात घालायचे का?

पुणेरी_स्ट्रॅट: काल एका महाशयांनी ठोकून दिलं की रोरी, म्हणजे आयर्लंडचा ब्लूज-रॉक गिटारवाला, हा फक्त स्टेजवरचा माणूस, त्याचा लाइव्ह अल्बम 'आयरिश टूर '७४' ऐका, त्याचे स्टुडिओ अल्बम भंगारात घाला. दोन ओळींत निकाल! अहो, त्या टूरवर ज्याला तुम्ही माना डोलावता ते 'टॅटूड लेडी' आणि 'अ मिलियन माइल्स अवे' आलं कुठून? आदल्या वर्षीच्या 'टॅटू'मधून. 'वॉक ऑन हॉट कोल्स'ही १९७३ च्याच 'ब्लूप्रिंट'चं. १९७१ ते ७६ मध्ये सहा स्टुडिओ अल्बम, वर दोन लाइव्ह, आणि कार्यक्रम चालूच. 'ड्यूस' अल्बमच्या वेळी तर गडी कार्यक्रमाच्या आधी नाहीतर नंतर स्टुडिओत शिरायचा, हाताची ऊब जाऊ नये म्हणून.

खर्ज: ते महाशय मीच, नमस्कार. 'मिलियन माइल्स' दोन्ही लागोपाठ ऐका. स्टुडिओत नीटनेटकं, टूरवर अंगावर येतं. मैफलीतला गवई रेकॉर्डवर सापडत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तेव्हा उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते, बाकीचे बँड तिकडे फिरकत नव्हते, हा तिथे जाऊन वाजवत होता. ते स्टुडिओत कुठून आणणार?

जुनी_कॅसेट: हॉस्टेलवर आमच्याकडे 'कॉलिंग कार्ड'ची एकच कॅसेट होती. पट्टी प्लेअरमध्ये गुंतायची, मग पेन्सिल घालून गुंडाळायची, चुरगळलेल्या जागी आवाज पाण्यात बुडाल्यासारखा यायचा. तरी रोज लागायची. लाइव्ह तेव्हा कुणाकडे होतं?

खर्ज: म्हणजे दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून आवडलं. आमचाच मुद्दा झाला.

जुनी_कॅसेट: तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला डोकं.

ठाणे_ब्लूज: खर्ज यांचं थोडं बरोबर आहे. रोरीला स्वतःलाच स्टुडिओतलं पटत नसे. सॅन फ्रान्सिस्कोत जवळजवळ तयार झालेला अल्बम १९७८ मध्ये मिक्स आवडलं नाही म्हणून फेकला. कीबोर्डवाला आणि ड्रमर गेले, तिघांचा बँड केला, त्यातली बरीच गाणी जर्मनीत पुन्हा वाजवली. तो 'फोटो-फिनिश'. आणि २०११ मध्ये घरच्यांनी तोच टाकलेला अल्बम नव्याने मिक्स करून बाजारात आणला! माणूस १९९५ मध्येच गेला, विचारणार कुणाला? मेलेल्याची कचरापेटी उपसायचा धंदा आहे हा.

पुणेरी_स्ट्रॅट: धंदा काय धंदा! भावाने आयुष्यभर त्याचं सगळं सांभाळलं. त्या टेपा उंदरांना घालायच्या होत्या का?

ठाणे_ब्लूज: हो. त्याने नको म्हटलं होतं. विषय संपला.

सांगलीची_मावशी: विषय कसा संपला? माझे वडील हार्मोनियम वाजवायचे. एक टेप केली होती, पण भाता फुसफुसतो, पुसून टाक म्हणाले. मी नाही पुसली. ते गेल्यावर आईने ऐकली. आता सांगा, मी कुणाची कचरापेटी उपसली?

ठाणे_ब्लूज: मावशी, तुम्ही ती विकली नाहीत. फरक आहे.

सांगलीची_मावशी: मग विकण्यावर बोल, ऐकण्यावर नको. आणि तुझ्याकडे आहे ना रे तो २०११ चा?

ठाणे_ब्लूज: आहे. दोनदा ऐकलाय.

जुनी_कॅसेट: दोनदा! 😂

ठाणे_ब्लूज: हसा. त्यातलं व्हायोलिन चांगलंय, हे कबूल करायला मला कुणाची भीती नाही. तत्त्व तत्त्वाच्या जागी.

पुणेरी_स्ट्रॅट: मूळ प्रश्न राहिला. खर्जराव, 'टॅटू' ऐकलात का, की अजून भंगारवाल्याची वाट बघताय?

खर्ज: ऐकला काल रात्री. बरा आहे. बरं, चांगला आहे, घ्या, पेढे वाटा! पण १९८२ च्या 'जिंक्स'नंतर पुढच्या 'डिफेंडर'ला थेट १९८७ उजाडलं. स्टुडिओ एवढा मानवत होता तर पाच वर्षं काय झोपला होता?

पुणेरी_स्ट्रॅट: कार्यक्रम करत होता.

खर्ज: तेच म्हणतोय मी कालपासून.