केगमधून नुसता फेस येतोय आणि सीओटूचा सिलेंडरपण भराभर संपतोय, काय करावं?

वेळणेश्वरवाला

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं छोटंसं होमस्टे आहे, मे महिन्यात पाहुण्यांची झुंबड असते आणि आल्या आल्या प्रत्येकाला गार काहीतरी हवं असतं. माझा एक मित्र ऑस्ट्रेलियाहून कायमचा परत आला, तिकडे घरी बिअर करायचा, येताना सगळं सामान घेऊन आला आणि इथे ते नुसतं पडून होतं म्हणून मला दिलं. एकोणीस लिटरचे दोन कॉर्नी केग (स्टीलच्या उभ्या टाक्या), प्रेशर दाखवणाऱ्या दोन घड्याळांचा रेग्युलेटर, नळ्या आणि हँडलवाला टॅप. मी त्यात बिअर नाही करत, कोकम सोडा आणि आल्याचा सोडा करतो. जुन्या डीप फ्रीजरला बाहेरून थर्मोस्टॅट लावलाय, 4 अंशावर ठेवतो, केग आत, टॅप वरच्या लाकडी पट्टीत, सिलेंडर बाहेर पडवीत.

आता प्रॉब्लेम. मित्राने सांगितल्याप्रमाणे 12 पीएसआय प्रेशर ठेवलं तर सोडा मिळमिळीत लागतो, लोक म्हणतात हे तर सरबतच आहे. 30 वर नेलं तर टॅप उघडला की पाऊण ग्लास फेस आणि तळाला बोटभर कोकम, तो फेस बसेपर्यंत सोड्यातला दम गेलेला. आणि दुसरं म्हणजे सिलेंडर. पाच किलोचा आहे, तीन-चार केगमध्येच संपतो. गंमत म्हणजे मोठ्या प्रेशरचं घड्याळ शेवटपर्यंत फुल्ल दाखवतं आणि मग एक दिवस सकाळी बघतो तर काटा शून्यावर. मला वाटतंय गॅसवाला अर्धाच भरून देतो, तो म्हणतो तुमच्याकडेच लीक आहे. सगळ्या आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळून झाली, कान लावून झाला, आवाज काही येत नाही. कोणी केग वापरलेत का इथे?

मालवणचो_मेकॅनिक

गॅस खंय जाता ता आधी बघ मरे, फेसाचा मागीर बघूया. (पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो 😄)

मी फ्रीज-एसीची कामं करतो, केगशी संबंध कमीच, पण गॅस तो गॅस. गॅसवाल्यावर एवढ्यात संशय घेऊ नको. सीओटू बाटल्यात (म्हणजे सिलेंडरमध्ये) लिक्विड असतो, आणि थोडंसं जरी लिक्विड शिल्लक असलं तरी वरचं प्रेशर तेवढंच राहतं, 25 अंशाला साधारण 64 बार म्हणजे नऊशे पीएसआयच्या वर. म्हणजे ते घड्याळ गॅस किती उरला ते सांगतच नाही, बाटला किती तापलाय ते सांगतं. लिक्विड संपलं की काटा धाडकन खाली, तुला सकाळी दिसलं ते हेच. त्यात तुझा बाटला पडवीत, 31 अंशाच्या वर तर सीओटूमध्ये लिक्विड वेगळं न गॅस वेगळा असं काही राहतच नाही, तेव्हा मे महिन्यात त्या घड्याळाच्या नादाला लागूच नको. वजन कर. बाटल्याच्या खांद्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, आंब्याच्या पेट्या मोजायचा काटा घरात असेलच, भरून आणल्या आणल्या चढव त्यावर. पाच किलो भरले तर गॅसवाला खरा.

टेफलॉन टेप काढून टाक आधी. बाटल्याचा नट आटीवर सील होतच नाही, आतल्या वायसरवर होतो. टेपचे तुकडे आत गेले तर रेग्युलेटर बसेल कामाला. वायसर बघ चेपलाय का, चिरलाय का, तो दहा-वीस रुपयांचा तुकडा असतो आणि सगळा गॅस तिथूनच जातो.

मग साबणाचं घट्ट पाणी, भांड्याचा लिक्विड सोप चालेल, ब्रशने लाव प्रत्येक जोडाला. कानाने लीक सापडत नाही, एवढा बारीक असतो. आणि टप्प्याटप्प्याने बघ: रेग्युलेटर बंद ठेवून बाटला उघड, लगेच बंद कर, मोठ्या घड्याळाचा काटा कुठे आहे त्यावर स्केचपेनने खूण कर. तासाभरात उतरला तर लीक बाटला आणि रेग्युलेटरच्या मधे. नाही उतरला तर पुढे नळी, मग केग. केग रिकामाच घे टेस्टला, भरलेल्या केगमध्ये गॅस पाण्यात विरघळून पण काटा उतरतो आणि तू उगाच लीक शोधत बसशील.

दापोली_ते_लीड्स

मेकॅनिकभाऊंनी गॅसचं झकास सांगितलंय, मी फक्त हिशेब जोडतो. 19 लिटर सोड्यात चार व्हॉल्यूम गॅस (दर लिटरमागे चार लिटर गॅस विरघळलेला) म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, आणि केग रिकामा होईपर्यंत मागून 30 पीएसआयने ढकलायला अजून शंभर-एक ग्रॅम. म्हणजे एका केगला पाव किलो. पाच किलोत पंधरा-वीस केग निघायला पाहिजेत राव, तुमचे चार निघतायत. लीक चांगलाच मोठा आहे.

फेसाचं मात्र वेगळं आहे. मी इकडे घरी बिअर करतो आणि तुमच्या मित्राने तुम्हाला बिअरचे आकडे दिलेत. बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या आसपास गॅस असतो, 4 अंशाला 12 पीएसआय बरोबर बसतं. सोड्याला साडेतीन ते चार लागतो, नाहीतर जिभेला टोचतच नाही, आणि त्यासाठी 4 अंशाला 30 च्या आसपास लागणारच. तेव्हा 30 बरोबर आहे, नळी चुकीची आहे. टॅपपर्यंतची नळी किती लांब आणि आतून किती रुंद आहे?

वेळणेश्वरवाला

नळी मीटरभर असेल, मित्राची जुनी पिवळी पडली होती म्हणून इथल्या हार्डवेअरमधून घेतली, करंगळी जाईल एवढी रुंद.

साबण लावला. बाटल्याकडे काही नाही, काटा रात्रभर जागेवर. पण रेग्युलेटरच्या खाली नळीवर जी क्लिप आहे ती गंजून सैल झालीय, तिथे मस्त बुडबुडे, आणि केगच्या गॅसच्या पोस्टच्या (नळी जोडायच्या तोंडाच्या) बुडाशी बारीक बारीक फेस. झाकणाला काही नाही.

दापोली_ते_लीड्स

झालं मग. 30 पीएसआयवर चाललेला सोडा मीटरभर रुंद नळीतून आला तर टॅपपाशी पोचताना प्रेशर कमी व्हायला वावच नाही, टॅपच्या तोंडाशी एकदम सुटका होते आणि सगळा गॅस तिथेच बाहेर पडतो. नळी अरुंद आणि लांब पाहिजे म्हणजे वाटेतल्या घर्षणाने प्रेशर हळूहळू उतरतं. आतून 5 मिलिमीटरची घ्या. बिअरला तीन मीटर पुरते, सोड्याला सात-आठ मीटर लागेल. वेटोळं करून फ्रीजरमध्येच ठेवायची, बाहेर नाही, नळी गरम झाली की तिथेच गॅस सुटतो. पहिला ग्लास थोडा फेसाळ येणारच कारण टॅप स्वतः गरम असतो, अर्धा कप सोडून द्या आणि मग भरा. आणि टॅप पूर्ण उघडायचा, अर्धवट उघडलात की हमखास फेस.

पोस्टच्या बुडाशी फेस म्हणजे आतल्या गॅसच्या आखूड नळीची ओ-रिंग (रबरी गोल रिंग) गेली. केगचं प्रेशर झाकणाची रिंग ओढून आधी पूर्ण काढा, मगच पोस्ट पान्याने उघडा, नाहीतर पोस्ट गोळीसारखा सुटतो. केग बॉल लॉक प्रकारचा असेल तर गॅसच्या पोस्टच्या षटकोनावर खाचा असतात, पाण्याच्या पोस्टवर नसतात, परत लावताना अदलाबदल करू नका, कपलर (पोस्टवर बसणारा नळीचा जोड) असा अडकतो की काढताना रडवतो.

सोडावाल्यांची_सून

आमच्या सासऱ्यांचा रत्नागिरीत गोटी सोड्याचा कारखाना होता म्हणून लिहितेय. वेळणेश्वरवाले दादा, तुम्ही कोकम केगमध्ये नेमकं काय घालता? आगळ (मिठातला रस) की अमृत कोकम (साखरेतलं)?

वेळणेश्वरवाला

ताई आगळच. घरचं असतं, साखर वेगळी विरघळवून घालतो, आणि जिरं-मीठ थोडं.

सोडावाल्यांची_सून

मग अर्धा फेस तिथेच आहे. आगळ कितीही गाळलं तरी त्यात सालीचा बारीक गाळ असतोच, जिऱ्याची पूड तर विचारूच नका. गॅसला सुटायला असा कणच लागतो, सोड्यात चिमूटभर मीठ टाकलं की कसा उसळतो ते आपण रोज बघतो ना. आमच्याकडे बाटलीत फक्त सोडा भरायचे, लिंबू-मीठ गिऱ्हाइकाच्या समोर ग्लासात. सासरे म्हणायचे यंत्रात मीठ गेलं की यंत्र गेलं. माझं म्हणणं केगमध्ये साधा सोडा ठेवा आणि कोकम ग्लासात घाला, आधी कोकम मग त्यावर ग्लास तिरका धरून सोडा. म्हणजे एकाच केगवर आलं, कोकम, लिंबू, सगळं चालेल.

मालवणचो_मेकॅनिक

ताई शंभर टक्के बरोबर. आगळात मीठ भरपूर आणि वर आंबट, म्हणजे क्लोराइड आणि अॅसिड दोन्ही. स्टीलला गंज लागत नाही हा गैरसमज आहे, 304 स्टीलला मिठाने टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, वेल्डिंगच्या जोडाशी आधी. समुद्राच्या वाऱ्याने पण तेच, फक्त हळू. केगच्या आत टॉर्च मारून बघ, तपकिरी ठिपके दिसतात का. आणि धुवायला ब्लीच किंवा क्लोरीनवालं काही वापरू नको, तेही तसंच खातं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, मग साध्या पाण्याने दोनदा खळखळून. तारेची घासणी तर लांबच ठेव.

क्लिप एसएसची (स्टेनलेस स्टीलची) घे. साध्या लोखंडी क्लिपा आपल्याकडे एक पावसाळा काढत नाहीत.

दापोली_ते_लीड्स

ताईंशी थोडा मतभेद. कोकमावर सोडा ओतला की तिथेही फेस येतोच आणि ढवळलं की उरलेला गॅस जातो, गर्दीच्या वेळी पाहुण्यांसमोर ते करत बसणं कटकटीचं. बिनमिठाचं अमृत कोकम मलमलच्या दुहेरी कापडातून गाळून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वरचं निवळ तेवढंच घेतलं तर केगमध्ये छान चालेल असं माझं मत. मीठ-जिरं ग्लासाच्या कडेला लावा, दिसायलाही बरं. आगळ मात्र केगमध्ये नको, ते मान्य.

आल्याचा केग वेगळाच ठेवा. आल्याचा वास ओ-रिंगमध्ये आणि नळीत असा बसतो की रिंगा बदलल्याशिवाय जात नाही. मी एकदा केलेली आल्याची बिअर पुढच्या सगळ्या बिअरमध्ये भेटायला यायची.

आणि साखर घातलेला केग बाहेर राहू देऊ नका. यीस्ट हवेत असतंच, दोन-चार दिवस गरमीत राहिला की आंबायला लागतो आणि प्रेशर आपोआप चढतं. कॉर्नी केगवर 130 पीएसआय छापलेलं असतं आणि झाकणाला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, फुटणार नाही, पण तुमचा सोडा दारू व्हायला लागेल.

पाखाडीवरून

मधेच बोलतो. शेवटच्या वाक्यावरून आठवलं, मित्राचं सामान आहेच तर बिअरपण करून बघू असं मनात येईल, तर महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, बिअर धरून, आणि स्वतःपुरती केली म्हणून सुटका नाही. होमस्टेवाल्याने तर त्या फंदात पडूच नये.

दापोली_ते_लीड्स

बरोबर. इंग्लंडात 1963 पासून घरी करायला लायसन्स लागत नाही, विकायची तेवढी नाही. तिथला नियम इथे लावू नका.

वेळणेश्वरवाला

बिअरचं डोक्यातच नाही हो, सोड्यानेच एवढा छळ मांडलाय.

टॉर्च मारला. खालच्या जोडाशी दोन-तीन ठिपके आहेत, बोटाला खरखरीत लागत नाहीत. आगळ बंद. एक केग साध्या सोड्याचा करतो ताई म्हणतात तसा, आणि आलं दुसऱ्यात गाळून. अजून दोन प्रश्न: पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की कधीकधी दुसऱ्या दिवशीच येते, तेव्हा केगचं काय करायचं? आणि ओ-रिंग, 5 मिलिमीटरची नळी इथे कुठे मिळणार?

मालवणचो_मेकॅनिक

लाईट गेली तर बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद कर आणि फ्रीजर उघडू नको, बस. लाईट आली की लगेच ग्लास भरायला जाऊ नको, एकोणीस लिटर पाणी गार व्हायला रात्र जाते, गरम सोडा काढलास तर पुन्हा इथे फेसाचा फोटो टाकशील. बाटला पडवीतच बरा आहे, फक्त ऊन लागणार नाही असा ठेव आणि साखळीने भिंतीला बांध. बंद खोलीत आणू नको, सीओटू हवेपेक्षा जड, खाली साचतो, वास नाही रंग नाही, आणि तुझ्यासारखा लीक असेल तर झोपलेल्या माणसाला कळणारपण नाही. आणि भरताना खायच्या दर्जाचा गॅस माग, वेल्डिंगचा नको.

ओ-रिंग चिपळूणला पंप नाहीतर हायड्रॉलिकच्या दुकानात बघ, जुनी रिंग खिशात घालून जा आणि तिच्याशी जुळवून घे, खाण्याच्या कामाला चालणारी माग, पाचसहा जास्तीच्या घेऊन ठेव. रिंगांना व्हॅसलीन लावू नको, काही रबरं फुगतात त्याने, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस मिळतं ते नखभर. नळी पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे विचार, पण आतलं माप घे, तो बाहेरचं सांगतो.

दापोली_ते_लीड्स

ग्रीस सिलिकॉनचं चालेल, नळी मात्र सिलिकॉनची घेऊ नका, मऊ आणि पारदर्शक असते म्हणून दुकानदार तीच पुढे करेल. सीओटू तिच्या भिंतीतून आरपार जातो, साबण लावून बुडबुडा दिसणार नाही आणि सिलेंडर पुन्हा संपेल.