मदत हवी आहे: आरटीई (शिक्षण हक्क कायदा) खाली खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागा, भाड्याचं घर, नोटरीचा करार

मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. महाराष्ट्रात राहतो, खुला प्रवर्ग. भाडेकरार नोटरीचा आहे, चालेल का? आणि गल्लीतच महापालिकेची शाळा असली की खासगी शाळा मिळत नाही म्हणतात, खरं का?

पाटीपेन्सिल:
नोटरी चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच करार लागतो, तोही फॉर्म सुरू व्हायच्या आधीच्या तारखेचा आणि किमान ११ महिन्यांचा. लॉटरी (प्रवेशाची सोडत) लागल्यावर घाईघाईत केलेला पडताळणीत उडतो. आताच नोंदवून टाका. ऑनलाइन होतं, पण घरमालकाचं आधार आणि अंगठा लागतो, त्यामुळे आधी त्यांना पटवा.

खुल्या प्रवर्गाला उत्पन्नाची अट आहे: वर्षाला १ लाखापर्यंत. तहसीलदारांचा दाखला लागेल. तो काढायला वेळ जातो, म्हणून करारासोबतच अर्ज टाका. (एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला महाराष्ट्रातलाच हवा.)

नियमावली:
महापालिकेच्या शाळेचं ते जुनं झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने तसा नियम आणला होता: १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला २५ टक्क्यांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, सुप्रीम कोर्टातही निकाल टिकला. अल्पसंख्याक शाळा मात्र २५ टक्क्यांत नसतातच, त्या यादीत शोधू नका.

बरेच अर्ज नकाशावर मरतात. फॉर्ममधल्या नकाशावर घराची जागा दाखवणारा फुगा सायबर कॅफेवाल्याला लावू देऊ नका; तो चौकात टेकवून मोकळा होतो. नकाशा मोठा करून फुगा आपल्या इमारतीवरच ठेवा. अंतर तिथूनच हवाई मोजलं जातं आणि १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. चांगली शाळा टप्प्यात यावी म्हणून फुगा सरकवला, तर पडताळणीत प्रवेश रद्द.

प्रश्नकर्ती:
शाळा किती टाकू? दोन फॉर्म भरले तर?

पाटीपेन्सिल:
एका मुलीचे दोन फॉर्म दिसले की दोन्ही बाद. शाळा १० पर्यंत टाकता येतात, पण रोज नेणं-आणणं जमेल तेवढ्याच टाका. केंद्रीय विद्यालयाचा अर्ज वेगळा भरा. तिथेही पहिलीत २५ टक्के आरटीई जागा असतात.

नियमावली:
शाळेने मुलीची मुलाखत घ्यायची नाही, कायद्याने बंदी आहे. आठवीपर्यंत फी नाही. नववीपासून त्या शाळेची पूर्ण फी सुरू होते. शाळा टाकताना तिची नववीची फी आताच विचारून घ्या.