फर्ग्युसन की डेक्कन: त्यागाचा मक्ता नक्की कुणाकडे?

नदीपलीकडचा: काल इथे कुणीतरी लिहिलंय की 1885 नंतर पुण्यात दोनच प्रकारचे विद्यार्थी होते, फर्ग्युसनचे देशभक्त आणि डेक्कनचे नोकरीसाठी रांग लावणारे. वाचून डोकंच फिरलं. ज्यातून पुढे तुमचं फर्ग्युसन उभं राहिलं ते न्यू इंग्लिश स्कूल काढणारे चिपळूणकर, टिळक, आगरकर कुठल्या कॉलेजातले हो? डेक्कनचेच ना तिघंही? टिळक एलएलबी करत होते, आगरकर एमएचा अभ्यास, तेव्हा 1879 मध्ये येरवड्याला डेक्कनच्या आवारातच शाळेचा बेत शिजला. टिळकांनी पहिलं वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवलं, नाजूक पोरांच्या औषधाच्या बाटल्या खिडकीबाहेर फेकल्या. आगरकरांकडे एकच सदरा, रात्री धुवून वाळत टाकायचा आणि सकाळी तोच अंगात. ही सगळी सरकारी कॉलेजातली पोरं बरं का.

शनिवारातला: माणसं मोठी होती, त्याचं श्रेय दगडी इमारतीला कशाला देता? फर्ग्युसन सुरू झालं ते शनिवार पेठेत गद्रे वाड्यात, स्वतःची इमारत मिळायला 1895 उजाडलं. प्रिन्सिपॉल साहेब नव्हे, आपले वामन शिवराम आपटे. महिना 75 रुपयांवर आयुष्यभर शिकवायचं ठरवून आलेली माणसं ती, आणि त्याच कॉलेजचा परांजपे 1899 ला केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे गणितात पहिला, झाला. माझे वडील तिथलेच, कॉलेजचं नाव घेताना आवाज बदलायचा त्यांचा.

नदीपलीकडचा: कॉलेजला नाव गव्हर्नरचं दिलंत आणि सरकारी म्हणून आम्हाला हिणवता! आणि त्या पगाराचंच म्हणाल तर पगारवाढ आणि बाहेरची कमाई यावरून आत केवढी भांडणं झाली, टिळक 1890 ला राजीनामा देऊन बाहेर पडले, ते का नाही सांगत?

कृष्णाकाठ: दोघांचं वाचतोय मघापासून. त्याग, त्याग, त्याग. या दोन्ही कॉलेजांच्या वर्गात बसत कोण होतं ते बोला की. 1882 ला सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी स्वच्छ सांगितलं, रयतेच्या करातून पैसा येतो आणि वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर जातो, आधी बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. तेव्हा तुमचे देशभक्त कुठे होते?

शनिवारातला: म्हणजे आगरकर श्रीमंत होते का? फर्ग्युसनात शिकवणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या थोरल्या भावाला 15 रुपये पगार, त्यातले 8 धाकट्याच्या शिक्षणाला जायचे. अर्धपोटी शिकलेत ते, जातीवर बोट ठेवलं म्हणजे त्यांची भूक खोटी ठरत नाही.

कृष्णाकाठ: भूक खोटी कोण म्हणालं? पण गरीब ब्राह्मणाच्या पोराला पुण्यात वार लावून जेवता यायचं, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, आणि माधुकरी होतीच. माळ्याच्या, मराठ्याच्या, महाराच्या पोराला कोण पान वाढणार होतं? माझे आजोबा कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून, खडी फोडून, स्वतःच्या हाताने भाकऱ्या थापून शिकले. आमच्या घरातला पहिला मॅट्रिक. आगरकरांच्या मॅट्रिकनंतर किती वर्षांनी, धरा हिशेब. आगरकरांचं टेंभू आमच्या कऱ्हाडापासून हाकेवर आहे म्हणून जास्त लागतं मनाला.

सातारची लेक: आणि बायका? पुढे वकील झालेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कनचीच, परीक्षेत वरचा नंबर काढला, पण इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली. शेवटी तिथल्या लोकांनी पैसे जमवले तेव्हा 1889 ला ऑक्सफर्ड गाठलं तिने. मलाही बारावीनंतर घरात हेच ऐकावं लागलं, खर्च भावावर करू, तुझं लग्नच व्हायचंय. म्हणून कुठलं कॉलेज मोठं या वादात मला काडीचाही रस नाही.

नदीपलीकडचा: सोराबजींचं मान्य, अन्यायच तो. फुल्यांचंही मान्य करतो, करावंच लागतंय. पण धागा फर्ग्युसनवाल्यांच्या मक्तेदारीवर होता, तो भलतीकडेच नेलात.

कृष्णाकाठ: भलतीकडे कसा? मक्तेदारीवरच तर बोलतोय मी.

शनिवारातला: आगरकरांनी आपल्या 'सुधारक' पत्रात जातीवर, बालविवाहावर काय काय लिहिलं ते आधी वाचा. कर्मठांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली त्यांची. मग बोला.

कृष्णाकाठ: वाचलंय, आदर आहेच. पण लेख लिहिल्याने वर्गातला बाक रिकामा झाला का आमच्यासाठी? त्याचं उत्तर द्या.