संत्रा बागायतदारांच्या चर्चामंचासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

सीताबर्डीकर

काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर या तालुक्यांतील संत्रा बागायतदारांसाठी नवे संकेतस्थळ उभारण्याचे काम आम्ही काही मंडळींनी हाती घेतले आहे. आजवर ही देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत चालत आली. तेथे एका गटाला १,०२४ सदस्यांची मर्यादा आहे, आणि त्याहून मोठी अडचण अशी की आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या) फळगळीवर एखाद्या जाणकाराने सविस्तर लिहिलेले उत्तर दुसऱ्याच दिवशी सुप्रभाताच्या चित्रांखाली गाडले जाते आणि पुढच्या हंगामात तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. त्यामुळे मंच हवा, याविषयी आमच्यात दुमत नाही. मतभेद आहे तो सॉफ्टवेअरविषयी.

माझे मत पीएचपीबीबी या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे. ते २००० सालापासून वापरात आहे, मुक्त परवान्याखाली मिळते, आणि पीएचपी ही संगणकभाषा व मायएसक्यूएल हा डेटाबेस असलेल्या कोणत्याही स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) चालते. २०१४ च्या ३.१ आवृत्तीपूर्वी त्यात भर घालायची तर मूळ फायलींमध्ये हात घालावा लागे आणि पुढच्या सुधारणेच्या वेळी सगळे विस्कटत असे. आता एक्स्टेन्शनची, म्हणजे वेगळी जोडायच्या भरीची, सोय असल्यामुळे ती कटकट उरलेली नाही. डिस्कोर्स हे दुसरे मंच-सॉफ्टवेअर दिसायला देखणे आहे, हे मान्य. मात्र त्याच्या पोटात रुबी ऑन रेल्स ही प्रोग्रामची चौकट आणि पोस्टग्रेएसक्यूएल व रेडिस हे डेटाबेस आहेत, अधिकृत मांडणी केवळ डॉकर या सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनातून होते, आणि त्यासाठी स्वतःचा सर्व्हर घ्यावा लागतो. आपले काम स्वयंसेवेवर चालणार आहे. आज जो तरुण हौसेने सर्व्हर उभा करील, तो दोन वर्षांनी पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीसाठी जाईल, हे गृहीत धरूनच निवड केली पाहिजे. पीएचपी जाणणारा माणूस नागपुरात शोधावा लागत नाही. रेल्स आणि डॉकर जाणणारा, तोही विनामोबदला काम करणारा, शोधावा लागेल.

त्रिमूर्तीनगर

आपला मुद्दा देखभालीचा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु देखभाल म्हणजे केवळ भाषा जाणणारा माणूस मिळणे नव्हे. डिस्कोर्समध्ये बहुतेक सुधारणा संचालकाच्या पानावरून एक बटण दाबून होतात. अधूनमधून सर्व्हरवर एक आज्ञा देऊन सगळे नव्याने बांधावे लागते, एवढेच. बॅकअपची संपूर्ण प्रत, चित्रांसकट, एकाच फाइलमध्ये उतरवून घेता येते. पीएचपीबीबीच्या संचालक पानावरून डेटाबेसची प्रत मिळते, पण सदस्यांनी चढवलेल्या फायलींचा फोल्डर वेगळा उचलावा लागतो, आणि स्वयंसेवक नेमका तोच विसरतो.

दुसरे असे की, आपला सदस्य संगणकासमोर बसून लिहिणार नाही. तो बागेत उभा राहून पानांवरच्या कोळशीचे (काळ्या बुरशीचे) किंवा बुंध्यातून गळणाऱ्या डिंकाचे छायाचित्र काढणार आणि विचारणार की यावर काय करावे. पीएचपीबीबीत जोडफाइलची मूळ मर्यादा २५६ केबी आहे. ती वाढवली तरी पुढे पीएचपीची स्वतःची २ एमबीची मूळ मर्यादा आडवी येते, आणि फोनने काढलेले छायाचित्र तिलाही सहज ओलांडते. डिस्कोर्स मोठे चित्र चढवण्यापूर्वी फोनवरच लहान करू शकते. पहिल्याच प्रयत्नात छायाचित्र नाकारले गेलेला बागायतदार दुसऱ्यांदा येणार नाही. तो सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर परत जाईल.

शिवाय औषधविक्रेत्यांचा उपद्रव लक्षात घ्यावा. डिस्कोर्समध्ये नव्या सदस्याला एका प्रतिसादात दोनच दुवे आणि एकच चित्र देता येते. काही धागे उघडून, थोडे वाचन करून झाले की बंधने आपोआप सैल होतात. या कामासाठी संपादक जागता ठेवावा लागत नाही.

सीताबर्डीकर

मर्यादा वाढवणे हे होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दोन आकडे बदलण्याचे काम आहे. तेवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलण्याचे कारण नाही. विक्रेत्यांसाठी पीएचपीबीबीतही नव्या सदस्यांचे पहिले काही प्रतिसाद मंजुरीपर्यंत थांबवून ठेवण्याची व्यवस्था आहे. नोंदणीच्या वेळी आपल्या मनाचा प्रश्नही विचारता येतो. ‘मृग बहाराची फुले कोणत्या ऋतूत येतात?’ एवढे मराठीत विचारले तरी परदेशी यंत्रांचा बहुतेक बंदोबस्त होईल.

फोनचा मुद्दा आपण मांडलात, तो मला उलट दिशेने नेतो. डिस्कोर्सचे पान म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा एक मोठा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम आहे. नरखेडच्या पुढे नेटवर्क कसे मिळते, हे मी आपल्याला सांगायला नको. फार जुन्या ब्राउझरला तर डिस्कोर्स केवळ वाचता येईल असे साधे पान दाखवते, म्हणजे ज्याला प्रश्न विचारायचा आहे तो विचारूच शकत नाही. पीएचपीबीबीचे पान हलके असते आणि कसल्याही फोनवर उघडते.

नरखेडचा बागायतदार

दोघांचेही वाचले. माझ्याकडे संत्र्याची जुनी बाग आहे आणि मुलगा संगणकाचे काम करतो, म्हणून थोडेफार कळते. नवी बाग लावताना आम्ही आधी कलम ज्यावर बांधायचे तो खुंट कोणता, जंबेरी की रंगपूर, हे ठरवतो, कारण वरची निगा पुढे बदलता येते, पण एकदा जमिनीत गेलेला खुंट बदलता येत नाही. तेव्हा मला एवढेच सांगावे की या दोहोंपैकी एक घेतले आणि चार वर्षांनी ते चुकीचे वाटले, तर लोकांनी लिहिलेले सगळे दुसरीकडे नेता येईल काय?

आणखी एक. आमच्याकडे ई-मेल कोणी पाहत नाही. ई-मेलवर आलेला दुवा दाबा, मग खाते सुरू होईल, अशी पद्धत असेल तर निम्मी माणसे दारातूनच परत जातील.

त्रिमूर्तीनगर

भाऊ, आपला पहिला प्रश्न या धाग्यात सर्वांत आधी यायला हवा होता. पीएचपीबीबी, मायबीबी, एसएमएफ, व्हीबुलेटिन अशा जुन्या मंच-सॉफ्टवेअरांवरून डिस्कोर्सवर मजकूर आणण्याचे तयार छोटे प्रोग्राम डिस्कोर्सच्या मूळ सोर्सकोडबरोबरच मिळतात. उलट दिशेचा असा तयार, रुळलेला रस्ता मला तरी ठाऊक नाही.

ई-मेलविषयी: अ‍ॅन्ड्रॉइड फोन वापरणाऱ्याचे गुगलचे खाते बहुधा असतेच, त्याला त्याची जाणीव नसली तरी. डिस्कोर्समध्ये त्याच खात्याने प्रवेश देता येतो. पत्र उघडायचे कारण पडत नाही.

सीताबर्डीकर

मग रस्ता जर पीएचपीबीबीकडून डिस्कोर्सकडे जाणारा असेल, तर तो माझ्याच बाजूचा पुरावा ठरतो. आज हलके आणि स्वस्त घ्यावे, सदस्य वाढले, पैसा आणि माणूस मिळाला की पुढे जावे. आधी डिस्कोर्स घेतले आणि सर्व्हर सांभाळणारा निघून गेला, तर मागे फिरणे अवघड. गुगलच्या खात्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पीएचपीबीबीत ई-मेलने खाते पक्के करण्याची अट संचालकाला काढून टाकता येते, पण मग खोट्या नोंदणीचे दार थोडे अधिक उघडते, हे मान्य केले पाहिजे.

महालकर

ड्रुपल या संकेतस्थळे बांधण्याच्या सॉफ्टवेअरचा विचार कोणीच का करीत नाही, याचे आश्चर्य वाटते. मायबोली, मिसळपाव ही मराठी संकेतस्थळे ड्रुपलवरच नांदली. लेख, चर्चा, बाजारभावाची पाने, सगळे एकाच छताखाली येईल.

धंतोली वाचनकट्टा

त्या संकेतस्थळांचे यश मुख्यतः तेथे लिहिणाऱ्या माणसांचे आहे. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि चर्चामंचाचे मॉड्यूल ड्रुपल ११ च्या गाभ्यातून बाहेर काढले गेले आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

या चर्चेत ज्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही, ती म्हणजे मराठीतील शोध. मंच उभारण्याचे कारणच मुळी जुने उत्तर सापडावे हे आहे. मराठीत शब्द सामान्यरूपात बदलतो: संत्रा, संत्री, संत्र्याच्या, संत्र्यांवर. डिस्कोर्सचा शोध पोस्टग्रेएसक्यूएलवर अवलंबून आहे. त्यात इंग्रजीचे, आता हिंदीचेही, शब्दरूपे एकत्र आणणारे साधन आहे, मराठीचे नाही. पीएचपीबीबीच्या स्वतःच्या शोधयंत्रणेत मूळ मांडणीप्रमाणे १४ पेक्षा अधिक अक्षरचिन्हांचा शब्द सूचीतच जात नाही. युनिकोड या संगणकातील अक्षरसंकेताच्या हिशेबात काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘बागायतदारांच्या’ हा आपला रोजचा शब्द १५ चिन्हांचा होतो आणि गळून पडतो. मर्यादा वाढवता येते, पण ती वाढवायची आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे.

त्यामुळे माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट टॅग ही आहे. प्रत्येक धाग्याला डिंक्या, कोळशी, फळगळ, मृग बहार असे ठरलेले टॅग लावले, तर शब्दाचे रूप कसेही असले तरी विषय सापडतो. डिस्कोर्समध्ये टॅग मुळातच आहेत. पीएचपीबीबीत त्यासाठी बाहेरचे एक्स्टेन्शन लावावे लागते, आणि ते लिहिणाऱ्याने उद्या काम थांबवले तर आपली सगळी वर्गवारी अधांतरी राहते. या एका कारणासाठी माझे मत डिस्कोर्सला. मात्र ते बसवणाऱ्याने दोन मूळ अटी आधी बदलाव्यात. २० पेक्षा कमी अक्षरचिन्हांचा प्रतिसाद ते स्वीकारत नाही, त्यामुळे ‘होय, डिंक्याच आहे’ हे नेमके उत्तरही परत येईल. आणि धाग्याच्या पत्त्यात देवनागरी शीर्षक हवे असेल, तर तसा पर्याय निवडावा लागतो.

सीताबर्डीकर

टॅगच्या मुद्द्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. पीएचपीबीबीत विषयवार विभाग करता येतात, पण फळगळ आणि मृग बहार या दोन्हींत बसणारा प्रश्न एकाच विभागात टाकावा लागेल, ही उणीव खरी आहे.

तरीही सर्व्हरची माझी अट कायम आहे. डिस्कोर्स घ्यायचे असेल, तर सर्व्हरचे पासवर्ड, डॉकरची मांडणी आणि बॅकअपची जागा किमान दोन माणसांना ठाऊक असली पाहिजे, आणि त्यांतला एक तरी बागायतदारांपैकी असावा. किमान १ जीबी मेमरीवर ते बसते असे सांगितले जाते, परंतु छायाचित्रे येणार असतील तर २ जीबीच घ्यावी. पत्रे पाठवण्यासाठी वेगळी सेवाही लागेल, कारण पुष्कळ सर्व्हर कंपन्या थेट ई-मेलचा मार्ग बंद ठेवतात. या सगळ्याचा वर्षभराचा खर्च कोण देणार, हे येत्या बैठकीत लिहून घ्यावे. दुसरा माणूस पुढे आला नाही, तर मी पीएचपीबीबीच बसवीन.

नरखेडचा बागायतदार

दुसरा माणूस म्हणून माझ्या मुलाचे नाव लिहून घ्या. मात्र आधी चाचणीचा सर्व्हर उभा करा आणि त्याचा दुवा मला पाठवा. मी बागेतून, माझ्याच फोनवरून, डिंक्याचे छायाचित्र चढवून पाहतो. चढले नाही तर या धाग्यावर येऊन सांगीन, आणि मग त्रिमूर्तीनगरवाल्यांनी उत्तर द्यावे.