खामोश पानी: आयशा हरली का?

काठावरची: काल 'खामोश पानी' (2003, दिग्दर्शन सबिहा सुमर) पुन्हा पाहिला. 1979 सालचं पाकिस्तानी पंजाबातलं चरखी गाव, लष्करशहा झिया-उल-हक यांची राजवट. विधवा आयशा गावातल्या मुलींना कुराण शिकवते, पण विहिरीवर कधी जात नाही. फाळणीत ती वीरो नावाची शीख मुलगी होती. अब्रूच्या नावाखाली घरच्या पुरुषांनी बायकांना विहिरीत उड्या घ्यायला लावल्या, तेव्हा ती पळून वाचली. आता मुलगा सलीम लाहोरहून आलेल्या कट्टरपंथीयांच्या नादी लागतो आणि आईनेच आपण मुसलमान असल्याचं चारचौघांत जाहीर करावं म्हणतो. शेवटी ती त्याच विहिरीत उडी घेते. मला हा शेवट सहन होत नाही. तिच्या बापाला जे जमलं नाही ते मुलाने करून घेतलं!

वाटसरू: साफ असहमत. सलीमला हवं होतं ते वाक्य ती शेवटपर्यंत बोलत नाही. हरली कशी?

काठावरची: नकाराची किंमत जीवच का असावी? रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावात मार्च 1947 मध्ये हे खरंच घडलं. उड्या घेतलेल्या बायकांना हौतात्म्याचा मान मिळाला. वाचलेल्यांची आठवण कोण काढतं? म्हणून मला आयशा जगायला हवी होती. आयशा झालेली किरण खेर नुसतं पाण्याकडे बघते तरी पोटात गोळा येतो.

निशिगंध: शेवटाचं राहू द्या, माझा आक्षेप सलीमवर आहे. बासरी वाजवणारा, झुबेदावर जीव टाकणारा पोरगा इतक्या झटपट बदलतो?

वाटसरू: झटपट कुठे? शेतात मन नाही, हाताला धड काम नाही, झुबेदाला पुढे शिकायचंय. अशा वेळी कुणीतरी पहिल्यांदाच म्हणतं, तुझी गरज आहे.

सांजवेळ: मी हे घरात पाहिलंय. आमचा धर्म वेगळा, गाव वेगळं. भाऊ एका गटात जायला लागला. आधी रेडिओवरची गाणी बंद झाली, मग आईच्या मुसलमान मैत्रिणीचं येणं. आई म्हणायची, वय आहे, निवळेल. वर्षभरात तो आईलाच विचारू लागला, तू नक्की कुणाची? निशिगंध, घरात राहणाऱ्यांनाही हा बदल झटपटच वाटतो.

निशिगंध: हे वाचून गप्प झाले. तरी सिनेमाने ते वर्षभर दाखवायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.

काठावरची: सांजवेळ, मैत्रीण पुन्हा आली का कधी?

सांजवेळ: नाही. आई तिच्याकडे जाते. भावाला न सांगता.