म्युनिकमध्ये नव्याने आलेल्या चिनी सहकाऱ्यासाठी: फिरणं, सण, छंद. काय सांभाळायचं?

इसारकाठ
आमच्या विभागात चेंगदूहून एक इंजिनिअर आले आहेत. चिनी पासपोर्ट, जर्मनीचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना), जर्मन भाषा जेमतेम. कामाचं सगळं मार्गी लागलंय. शनिवार-रविवारचं काय करायचं ते कळत नाहीये. त्यांना रेल्वेने भटकायला आवडतं, ड्रोन सोबत आणलाय, घरी चार जण जमवून माजोंग हा चिनी सोंगट्यांचा खेळ खेळायचाय. मध्य-शरद सणाला (चिनी चंद्रोत्सवाला), म्हणजे २५ सप्टेंबर २०२६ च्या सुमारास, आईवडील येणार आहेत आणि खाण्याच्या वस्तूंनी भरलेल्या बॅगा घेऊन येणार आहेत.

‘शहर छान आहे, खूप फिरा’ असले सल्ले त्यांना भरपूर मिळालेत. कुठे अडतं, कोणते कागद जवळ लागतात, कशासाठी दंड होतो, चिनी माणसाने मुद्दाम पाहावं असं जर्मनीत काय आहे, हे जाणकारांनी सांगावं. मी त्यांना इंग्रजीत सांगेन.

रुळावरचा
सुरुवात डॉइचलांडटिकेट या मासिक प्रवासपासापासून करा. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या (आरई, आरबी, एस-बान), मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. नवीन माणूस नेमका इथेच फसतो. फलाटावर दोन्ही गाड्या एकाच शहराच्या नावाने लागलेल्या असतात, तो वेगवान गाडीत चढतो आणि विनातिकीट ठरतो. गाडीच्या नंबराआधीची अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. तिकीट वैयक्तिक असतं, तेव्हा तपासनीसाला फोटो असलेलं ओळखपत्रही दाखवावं लागतं. ही वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. एखाद्या महिन्यापुरतीच हवी असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

हेच तिकीट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग आणि कुफस्टाइनच्या स्टेशनपर्यंत चालतं. तिकीट चाललं तरी वाटेत सीमा ओलांडली जाते, हे मात्र लोक विसरतात. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीच्या सगळ्या भूसीमांवर तपासणी चालू आहे आणि परतताना पोलीस गाडीत चढतात. मूळ पासपोर्ट आणि ब्लू कार्ड दोन्ही खिशात हवं. मोबाइलमधल्या फोटोने काम होत नाही.

ब्लू कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं. जर्मनीतले दिवस यात मोजत नाहीत. स्वित्झर्लंड चालतं, क्रोएशिया चालतं, १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया आणि बल्गेरिया जमिनीवरूनही चालतात. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र चालत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. सर्बियाला मात्र चिनी पासपोर्टवर ३० दिवस व्हिसा लागत नाही. बेलग्रेडची सहल त्यामुळे त्यांच्यासाठी कागदोपत्री लंडनपेक्षा कितीतरी सोपी आहे.

लांबच्या प्रवासाला आयसीईचं स्वस्त तिकीट काढलं तर ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं, दुसऱ्या गाडीने जाता येतं. ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मिळतात. मागितल्याशिवाय मिळत नाहीत, ॲपमधून अर्ज करायचा.

चहाचं_भांडं
बॅगांबद्दल आधी बोलते, कारण आईवडिलांचा पहिला दिवस विमानतळावर खराब व्हायला नको.

युरोपियन युनियनच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, घरी खायला थोडंसं आणलं तरी. सिचुआनी सॉसेज, सुकवलेलं बीफ, हॅमचं सारण असलेले किंवा डुकराची चरबी घातलेले मूनकेक (या सणाची गोल मिठाई), दुधाची पावडर हे सगळं काढून घेतात. हॉटपॉटचा (टेबलावर उकळत्या रश्शात शिजवून खायच्या जेवणाचा) मसाला लोकांच्या लक्षातच येत नाही. चेंगदूकडची लाल वडी बहुतेकदा गाईच्या चरबीत बांधलेली असते, म्हणजे तीही प्राणिजन्य. पाकिटावर ‘न्योयौ’ (牛油) लिहिलेलं असेल तर घरीच ठेवा, वनस्पती तेलातली ‘छिंगयौ’ (清油) घ्या. ताजी फळंही नकोत. बायज्यू ही चिनी दारू २२ टक्क्यांवरची असल्याने प्रत्येक प्रौढ माणसामागे एक लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. विमानाने येणाऱ्याला बाकीच्या वस्तूंची शुल्कमाफी ४३० युरोपर्यंत आहे. त्याहून महाग भेटवस्तू असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन आपणहून सांगावं.

आणि हॉटेल आत्ताच ठरवा. यंदा ऑक्टोबरफेस्ट ही म्युनिकची बिअरची जत्रा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे. त्यांचा सण बरोबर त्याच्या मधे पडतो, तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले असतात. जत्रेत जाणार असतील तर पिशवी लहान लागते: २० × १५ × १० सेंटिमीटर आणि तीन लिटर, त्याहून मोठी आत सोडत नाहीत.

गरम पाणी. चीनमधल्या गाड्यांत डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, इथल्या गाड्यांत आणि स्टेशनांवर नसतो. पुष्कळ हॉटेलांत खोलीत किटलीही नसते. वडीलधारी मंडळी थंड पाणी पीत नाहीत, त्यामुळे हा छोटा मुद्दा अख्खी सहल बिघडवू शकतो. हॉटेल ठरवताना ‘वासरकोखर’ (किटली) आहे का एवढं विचारा आणि अर्ध्या लिटरचा थर्मास सकाळी भरून निघा.

चीनहून राइस कुकर आणला असेल तर व्होल्टेजची अडचण नाही, २२० चा कुकर २३० वर चालतो. धोका प्लगचा. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये अर्थिंगची जोडणीच नसते आणि धातूच्या भांड्याला ती हवीच. वायर सुटी निघत असेल तर ॲडॉप्टर टाळून जर्मन प्लगची नवी वायर घ्या. मॉनिटरला असते तसलीच खाच बऱ्याच कुकरना असते. फक्त वायरवर १० अँपिअर लिहिलंय ना ते पाहा. हॉटपॉटच्या वेळी २००० वॉटची इंडक्शन शेगडी आणि २००० वॉटची किटली एकाच सर्किटवर लावली तर १६ अँपिअरचा ब्रेकर पडू शकतो, कारण त्याची मर्यादा जेमतेम ३७०० वॉट. किटली दुसऱ्या सर्किटवरच्या प्लगला लावा.

आता माझा सगळ्यात आवडता विषय. मार्च ते मे दरम्यान ओलसर जंगलात बेअरलाउख, म्हणजे रानलसूण, उगवते. इथले चिनी लोक ती डंपलिंगच्या सारणात च्यौत्साईच्या (चिनी लसूणपातीच्या) पातीऐवजी घालतात आणि ते अप्रतिम लागतं. घरापुरती, मुठीत मावेल एवढी जुडी तोडायला मुभा आहे. राखीव निसर्गक्षेत्रात मनाई, कंद उपटायचा नाही.

पण ओळख पक्की हवी. सारखी दिसणारी दोन झाडं विषारी आहेत, लिली-ऑफ-द-व्हॅली आणि शरद क्रोकस, आणि क्रोकसमधल्या कोल्चिसिनने माणसं दगावली आहेत. रानलसणीचं प्रत्येक पान स्वतःच्या वेगळ्या देठावर जमिनीतून येतं आणि पानाची मागची बाजू निस्तेज असते. लिलीची दोन पानं एकाच दांड्यावर येतात, मागून चकाकतात. क्रोकसच्या पानांना देठच नसतो. नुसत्या वासावर जाऊ नका. पहिलं पान चुरगाळलं की बोटांनाच लसणाचा वास लागतो, मग पुढचं प्रत्येक पान लसणीचंच वाटतं. पान न् पान पाहून तोडायचं, मूठभर एकदम ओढायचं नाही.

त्स्विंगरप्रेमी
चिनी माणसाने मुद्दाम पाहावं असं विचारलंत. माझ्या मते पहिला क्रमांक ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातल्या पोर्सेलेन (चिनी मातीच्या) संग्रहाचा. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याने १७१७ मध्ये आपले ६०० घोडेस्वार प्रशियाला दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यातल्या मोठ्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांना म्हणूनच ‘ड्रॅगून’ म्हणतात. त्याच राजाच्या पदरी १७१० मध्ये माइसनचा पोर्सेलेन कारखाना निघाला. चीनमधल्या चिंगदजन या पोर्सेलेनच्या गावातल्या भट्ट्यांची कीर्ती युरोपात कुठवर पोहोचली होती ते या दालनांत डोळ्यांना दिसतं. सोमवारी बंद असतं. म्युनिकहून एका दिवसात धावपळ होईल, एक रात्र राहा.

घराजवळ एंग्लिशर गार्टनमधला चिनी मनोरा आहे. १७९० चा, सुमारे २५ मीटर उंच, लाकडी. जुलै १९४४ मध्ये जळाला, १९५२ मध्ये पुन्हा उभा राहिला. वास्तू म्हणून तो चिनी कमी आणि लंडनच्या क्यू बागेतल्या पॅगोड्याचा भाऊ जास्त आहे. पण खाली ७००० जण बसतील असं बिअरगार्डन आहे आणि बव्हेरियाच्या रिवाजाप्रमाणे तिथे स्वतःचं जेवण नेता येतं. पेय तेवढं तिथलंच घ्यायचं. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर ती जागा वाढपाची, तिथे डबा उघडू नये. आईवडिलांना घरचे थंड पदार्थ घेऊन नेण्यासारखी याहून चांगली जागा म्युनिकमध्ये नाही.

सणासाठी बर्लिनच्या गेर्टन डेर वेल्ट या उद्यानातली चिनी बाग सुचवेन. २००० मध्ये उघडली, नाव ‘पुन्हा गवसलेल्या चंद्राची बाग’. यू-५ मेट्रोने कीनबेर्ग स्टेशनला उतरायचं.

हॅम्बुर्गला गेलात तर झांक्ट पाउलीतल्या श्मुकश्ट्रासेला दहा मिनिटं थांबा. तिथे चिनी खलाशांची वस्ती होती. १३ मे १९४४ रोजी गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) सुमारे १३० चिनी पुरुषांना पकडून नेलं आणि वस्ती संपली. आता एक फलक आहे. चिनी पाहुण्यांना तो क्वचितच कोणी दाखवतं, दाखवायला हवा.

नॉयश्वानस्टाइन किल्ल्याला ते जाणारच, म्हणून तिथलं थोडक्यात: फ्यूसनपर्यंत प्रादेशिक गाडी, पुढे ७३ किंवा ७८ नंबरची बस. तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, ती चुकली की तिकीट गेलं. तिकीट खिडकीपासून वर चालत ४० मिनिटं धरा. आत फोटो काढता येत नाहीत.

इसारकाठ
खूप उपयोगी. नॉयश्वानस्टाइनला ड्रोन उडवायचा त्यांचा बेत आहे. वजन २४९ ग्रॅम, म्हणजे नोंदणी लागत नाही ना? आणि माजोंगचं?

चौथा_भिडू
लागते. २५० ग्रॅमच्या आतला असला तरी कॅमेरा आहे, म्हणून चालकाची नोंदणी लुफ्टफार्ट-बुंडेसआम्टकडे (विमान वाहतूक कार्यालयाकडे) करावीच लागते. मिळालेला क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा. विमा सक्तीचा आहे, घरगुती दायित्व विम्यात (इतरांच्या नुकसानीच्या विम्यात) ड्रोन धरलाय का ते पॉलिसीत वाचा, अनेकदा नसतो. कमाल उंची १२० मीटर. लोकांच्या घरांवरून आणि निसर्गक्षेत्रांवरून सर्वसाधारणपणे मनाई. बव्हेरियाच्या राजवाडे खात्याच्या आवारात ड्रोनला बंदी आहे आणि नॉयश्वानस्टाइन त्यात येतो. तो बेत सोडून द्या.

माजोंगचा प्रश्न आवाजाचा आहे. चेंगदूच्या पद्धतीत फक्त १०८ सोंगट्या असल्या आणि एक जण जिंकल्यावरही डाव चालू राहत असला, तरी सोंगट्या ढवळण्याचा आवाज खालच्या मजल्यावर थेट पोहोचतो. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, त्यामुळे शनिवारची दुपार उत्तम. टेबलावर जाड रबरी मॅट आणि पायांखाली फेल्ट लावा. घरात मित्रांबरोबर किरकोळ पैज चालते. हॉटेलात किंवा दर आठवड्याच्या मंडळात पैसे लावले तर तो विनापरवाना जुगार ठरू शकतो, तिथे फक्त गुण मोजा.

सौनाला (गरम लाकडी खोलीतल्या घामाच्या स्नानाला) कोणी बोलावलं तर आधी सांगून ठेवा: बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र आणि पोहण्याचे कपडे घालायला मनाई. संकोच वाटत असेल तर फक्त महिलांचे किंवा पुरुषांचे दिवस असतात, ते पाहून जा. मोठा टॉवेल असा पसरायचा की घाम लाकडावर पडणार नाही, पायांखालीसुद्धा. फोन कपाटात.

पैशांचं राहिलंच. डीएम आणि रॉसमान या दुकानांच्या अनेक शाखांत अलिपे हे चिनी पेमेंट ॲप चालतं म्हणून आईवडिलांना वाटेल की सगळीकडे चालेल. बेकरी, जत्रेतले स्टॉल, लहान उपाहारगृहं इथे रोख लागते. प्रत्येकाच्या खिशात ५० युरो सुटे असू द्या.

रुळावरचा
एक भर. ब्लू कार्डाची मुदत संपत आली आणि नूतनीकरण अडकलं तर ‘फिक्शन्सबेशाइनिगुंग’ नावाचा हिरवट कागद मिळतो. त्यावर तीन चौकटी असतात. तिसरीवर, म्हणजे निवास कायद्याच्या कलम ८१ च्या उपकलम ४ वर, खूण असेल तरच देशाबाहेर जाऊन परत येता येतं, आणि तेव्हाही जुनं कार्ड व पासपोर्ट सोबत लागतो. पहिलीवर खूण असेल तर साल्झबुर्गलाही जाऊ नका. कागद हातात आला की कार्यालयाच्या खिडकीवरच चौकट पाहा, चुकीची असेल तर तिथेच विचारा. बाहेर पडल्यावर पुढची तारीख मिळायला आठवडे जातात.