ॲम्प्लिफायर चालू करताना एमसीबी पडतो, वेगळी लाइन टाकावी का?

तबला_डग्गा:
पुण्यातला जुना फ्लॅट, सिंगल फेज. हॉलमध्ये क्लास एबी स्टीरिओ पॉवर ॲम्प्लिफायर आहे: ८ ओहमला ३००+३०० वॅट, ४ ओहमला ५००+५००, आत एकच मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर). १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावलाय, डीबीत (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीत) त्या सॉकेटला बी-१६ एमसीबी. मागचं बटण दाबलं की दहापैकी तीन-चार वेळा एमसीबी पडतो. एकदा सुरू झाला की आवाज कितीही वाढवा, पडत नाही. डीबी ते सॉकेट १२ मीटर, वायर दीडची (दीड चौरस मिमी) दिसते. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज २०५ पर्यंत उतरतं.
इलेक्ट्रिशियन म्हणतो ३२ चा एमसीबी टाकू. दुकानदार म्हणतो ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या. नक्की काय करू?

वायरमन_सांगली:
३२ चा टाकू देऊ नका. एमसीबी भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो. पाइपातून गेलेल्या दीडच्या वायरीला १६ चाच मुळात काठावरचा, ३२ चा बसवलात तर आधी वायर तापेल, एमसीबी नंतर पडेल.

तुमचा एमसीबी लोडमुळे पडतच नाहीये. हिशोब करा: ४ ओहमवर दोन्ही चॅनल पूर्ण ताकदीने, म्हणजे बाहेर १००० वॅट. क्लास एबीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर आत साधारण १६५० वॅट. रेक्टिफायरमुळे (एसीचा डीसी करणारा भाग) पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास, म्हणजे त्याच वॅटना करंट जास्त लागतो, म्हणून करंट १० अँपिअर. तोही सतत साइन वेव्ह दिली तर. गाण्यात सरासरी पॉवर याच्या कितीतरी खाली असते.

खरी भानगड इनरशची, म्हणजे चालू करतानाच्या क्षणिक झटक्याची आहे. टोरॉइडच्या प्रायमरीचा (मेन्सला जोडलेल्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स जेमतेम १ ओहमच्या घरात, आणि बटण नेमकं व्होल्टेज शून्यावर असताना दाबलं गेलं तर पहिल्याच अर्ध्या सायकलमध्ये कोर सॅच्युरेट होतो, म्हणजे लोखंडात आणखी चुंबकत्व मावत नाही आणि करंट अडत नाही. वर फिल्टर कॅपॅसिटर रिकामे. क्षणभर १०० अँपिअरच्या वर झटका जाऊ शकतो. बटण व्होल्टेजच्या शिखरावर पडलं तर झटका लहान. म्हणून दहापैकी तीन-चारदाच.

बी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच पडतो, म्हणजे ४८ ते ८० अँपिअर. सी कर्व्ह ५ ते १० पटीला, म्हणजे ८० ते १६०. सॉकेटला डीबीतून वेगळी लाइन टाका: फेज-न्यूट्रल चारची तांब्याची एफआर (सहज न पेटणारी) वायर, अर्थ अडीचची हिरवी, मध्ये कुठेही जोड नको, वर सी-१६. त्याच लाइनवर १६ अँपिअरची दोन-तीन सॉकेटं एका बोर्डात घ्या आणि सगळा ऑडिओचा पसारा तिथेच लावा.

डी कर्व्ह कुणी सुचवला तर आधी अर्थ लूप इम्पिडन्स (फेज ते अर्थ या पूर्ण वाटेचा अडथळा) मोजून घ्या. डी-१६ लगेच पडायला ३२० अँपिअर लागू शकतात, म्हणजे लूप ०.७ ओहमच्या आत हवा. नुसत्या खड्ड्यातल्या अर्थिंगवर ते जमत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा स्विच) तर कोणत्याही परिस्थितीत हवीच.

तबला_डग्गा:
चारची वायर टाकली की २०५ चा प्रश्नही सुटेल ना? आणि आवाजात फरक?

टोरॉइड:
नाही. १२ मीटरचं जाणं-येणं मिळून २४ मीटर. दीडच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स ०.३२ ओहम, चारच्या वायरीत ०.१२. १० अँपिअरला ड्रॉप ३.२ व्होल्ट आणि १.२ व्होल्ट. दोन व्होल्टांचा फरक, तोही कमाल लोडला. २०५ बाहेरूनच येतंय, त्याला घरातली वायर काय करणार? चारची वायर टाकायची ती थंड राहावी आणि एमसीबीशी तिचं गणित जुळावं म्हणून.

आणि २०५ ने बिघडतं तरी काय? अशा ॲम्प्लिफायरची रेल (आतला डीसी सप्लाय) अनरेग्युलेटेड असते, मेन्सबरोबर वरखाली होते. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर कमाल पॉवर ०.९ चा वर्ग, म्हणजे ८१ टक्के. ३०० चे २४३ वॅट. डेसिबलमध्ये ०.९, कानाला जेमतेम कळेल. त्यासाठी स्टॅबिलायझर? रिलेवाला तर गाणं चालू असताना टॅप बदलत खटखट करेल. सर्व्होवाला बरा, पण पैसे ओव्हरव्होल्टेज कटऑफवर घाला, २७० च्या आसपास तोडणारा. इमारतीचा न्यूट्रल सुटला तर एखाद्या फ्लॅटला ३०० च्या वर जातात आणि फिल्टर कॅपॅसिटर तेव्हाच फुटतात.

आधी एक चाचणी करा. त्याच सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री लावा आणि व्होल्टेज किती उतरतं पाहा. दीडच्या वायरीत दीड व्होल्टच्या आसपास अपेक्षित. पाच-सहा उतरले तर कुठेतरी स्क्रू ढिला आहे किंवा जोड जळलाय. बाहेरचं व्होल्टेजही हलत असतं, म्हणून दुसऱ्या सर्किटवरचं सॉकेटही त्याच वेळी मोजा.

सी-१६ ने भागेल बहुतेक, पण मुळावर उपाय सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीला क्षणभर रेझिस्टरमधून करंट सोडणं. १०० ओहम १० वॅटचे तीन वायरवाउंड समांतर जोडले की ३३ ओहम. झटका ३२५ भागिले ३३, म्हणजे १० अँपिअरच्या आत. अर्ध्या सेकंदाने १६ अँपिअरचा रिले ते बायपास करतो. रेझिस्टरला चिकटून थर्मल फ्यूज बसवाच. रिले अडकला आणि गाणं सुरू झालं तर हे रेझिस्टर लाल होतात. नुसता एनटीसी (गरम झाला की रेझिस्टन्स कमी होणारा रेझिस्टर) स्वस्त, पण बंद करून लगेच चालू केलं तर तो गरमच असतो, काही अडवत नाही.

एक खोच: ॲम्प्लिफायरला स्टँडबायचं बटण असेल तर मोठा टोरॉइड आतला रिले जोडतो. बाहेरचा सॉफ्ट स्टार्ट तोवर बायपास होऊन गेलेला असतो, उपयोग शून्य. तिथे सी कर्व्हच.

शांत_खोली:
वीज जाऊन परत येते तेव्हा फ्रिज, एसी, इन्व्हर्टर सगळे एकदमच ओढतात. वीज गेली की ॲम्प्लिफायरचं बटण आठवणीने बंद करा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर तर तो चालवूच नका.

नवी लाइन टाकल्यावर स्पीकरमध्ये घूं आली तर अर्थची पिन कापायची नाही. हे अजून सुचवतात लोक, आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. ग्राउंड लूप (दोन ठिकाणी अर्थ झाल्याने बनणारी वाट) बहुतेक वेळा तिथूनच येतो, तिचं शील्ड भलतीकडेच अर्थ झालेलं असतं. केबल काढल्यावर घूं गेली तर तिला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थचा जोड तोडणारा) लावा. स्पीकर शांत आणि ट्रान्सफॉर्मरच गुणगुणतोय, तर मेन्समध्ये थोडा डीसी आहे. अर्ध्या वेगावर चालवलेला हेअर ड्रायर हा नेहमीचा संशयित.

परतलेला_न्यू_जर्सीहून:
मध्येच विचारतो. माझा १२० व्होल्टचा आहे, ६०० वॅटचा. स्टेपडाउन घेऊन याच लाइनवर चालेल?

टोरॉइड:
मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्‌झ लिहिलंय का ते आधी बघा. फक्त ६० असेल तर ५० वर कोरमधला फ्लक्स २० टक्के वाढतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि गुणगुणतो. तेव्हा विकलेलाच बरा. ५०/६० असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन प्रायमरी आहेत का पाहा. असतील तर जाणकाराकडून त्या सीरिजमध्ये जोडून घ्या, स्टेपडाउनची गरजच नाही. नसतील तर किमान २ केव्हीएचा घ्या, आणि आता एका झटक्याऐवजी दोन ट्रान्सफॉर्मरचे झटके आहेत हे लक्षात ठेवून आधी स्टेपडाउन चालू करा, मग ॲम्प्लिफायर.